नाटक-सिनेमा जोखताना कथानकाला किती मार्क द्यायचे?

तिसरी घंटा

आपल्याकडे नाटक पाहून आलेल्याला पहिला प्रश्न येतो तो "स्टोरी काय रे?" असा. नाटक आवडलं नसेल तर कारणही ठरलेलं, स्टोरीत दम नाही. इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत गळ्यात पास घालून पणजीत फिरणारी माणसं शो सुटल्यावर हेच बोलतात, फक्त 'स्टोरी'च्या जागी 'नॅरेटिव्ह' म्हणतात.

हीच माणसं गावच्या जत्रेला, पालखी देवळात परतली की, मध्यरात्री 'सौभद्र' बघायला बसतात. सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळणार हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. किर्लोस्करांनी १८८२ साली ते रंगभूमीवर आणलं तेव्हाच्या प्रेक्षकालाही ठाऊक होतंच, गोष्ट महाभारतातली. म्हणजे शेवट काय ही उत्सुकता पहिल्या प्रयोगापासूनच बाद. तरी माणसं पहाटेपर्यंत उठत नाहीत. ती पदांसाठी बसतात असं म्हणून हा विषय उडवून लावता येत नाही. नुसती गाणी हवी असतील तर मैफल आहेच की.

माझं म्हणणं असं, की कथानक जोखायचं तर काय घडलं आणि किती घडलं याचा हिशेब मांडू नये. कुणाला काय माहीत आहे, कुणापासून काय लपलंय आणि ते त्याला कधी कळतं, हे बघावं. 'सौभद्र' सगळं यावरच चालतं. कृष्णाला सगळं माहीत. बलरामाला काहीच नाही, तो दुर्योधनाला मेहुणा करून घ्यायच्या गडबडीत. अर्जुन यतीच्या वेषात दारात येतो आणि त्याच्या सेवेला सुभद्रेला ठेवतो कोण, तर बलरामच. प्रेक्षक कृष्णाच्या बाजूने सगळं बघत हसतो. शेवट ठाऊक नसता तर हे हसू आलंच नसतं.

तुम्ही कसं जोखता ते लिहा. परीक्षक म्हणून बसलेल्यांनी जरूर लिहा.

गोष्ट सांगा

जुन्या नाटकांना हे ठीक. नवं नाटक बघायला मी तिकीट काढून जातो तेव्हा माझ्यासमोर दोन खुर्च्या, एक खिडकी आणि तासभर आठवणी काढणारी दोन माणसं ठेवलेली असतात. मध्येच बासरी. मग बाहेर आल्यावर कुणीतरी समजावतं की यात 'अवकाश' आहे.

उलट 'दृश्यम' घ्या. निशिकांत कामतांचा, २०१५ चा, गोव्यातच घडणारा. अजून २ ऑक्टोबर आला की त्यातल्या सत्संगाचे आणि पावभाजीचे विनोद मोबाइलवर येतात. का? गोष्ट घट्ट बसवलेली होती म्हणून. मूळ सिनेमा मल्याळम, २०१३ चा, केरळमधल्या गावातला. भाषा बदलली, नट बदलले, गाव बदललं, तरी चालला. कथानक तेवढं तेच राहिलं. याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

पेडण्याचो

आमच्या दशावतारात संहिता नावाचा कागदच नसतो. संध्याकाळी आख्यान ठरतं, राजपार्ट कुणाचा, स्त्रीपार्ट कुणाचा, राक्षस कोण, एवढं वाटून होतं, बाकी सगळं मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर उभं राहून. त्याआधी गणपती येणार, रिद्धी-सिद्धी येणार, सरस्वती येणार, संकासुर येऊन लोकांना हसवणार. त्याचा पुढच्या आख्यानाशी काडीचा संबंध नाही. 'दृश्यम'च्या मापाने मोजलं तर आम्ही पहिल्या तासातच नापास.

पण आमच्या प्रेक्षकाएवढा कडक परीक्षक मला पणजीच्या थंडगार नाट्यगृहात दिसलेला नाही. दोन राजे समोरासमोर आले की एकाच्या सवालाला दुसरा कसा भिडतो ते तो कान टवकारून ऐकतो. युद्धाच्या नाचात पाय मृदंगावर पडला की नाही, हे मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं. आणि एखादा कलाकार बोलण्याच्या भरात आख्यान सोडून भलतीकडे गेला तर समोरचा त्याला संवादातूनच परत वाटेवर आणतो. कोण चुकला आणि कुणी सांभाळून घेतलं, दोन्ही लोकांना दिसतं, आणि सांभाळून घेणाऱ्याला टाळी मिळते.

हल्ली ट्रिकसीनची नाटकं आली आहेत. धूर, दिवे, हवेतून येणारा राक्षस. गर्दी होते, खोटं कशाला बोलू. पण ते एकदा बघितलं की तेच बघायला माणूस शेजारच्या गावात जात नाही. चांगल्या राजपार्टासाठी मात्र तेच आख्यान बघायला दर जत्रेला जातो.

गोष्ट सांगा

आख्यान सोडलं की लोकांच्या लक्षात येतं असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे आतून सगळे माझ्याच पक्षात.

तिसरी घंटा

गोष्ट सांगा साहेब, 'दृश्यम' तुम्ही आणलात ते बरं झालं, मला तोच हवा होता.

त्यात मारलं कुणी आणि का, हे आपल्याला मध्यंतराच्या बरंच आधी कळतं, डोळ्यांसमोरच घडतं. रहस्यकथा जो प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवते तो इथं सुरुवातीलाच खर्च झाला. मग उरलेला वेळ आपण काय बघतो? नायक विजय साळगावकर एक कथानक रचतो ते. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला माणूस, यांच्या डोक्यात तो एक तारीख पेरतो. पोलीस विचारतात तेव्हा यातला एकही जण खोटं बोलत नाही! प्रत्येक जण त्याला खरं वाटतं तेच सांगतो. कामतांनी इथं कॅमेरा साक्षीदारांच्या तोंडावर ठेवला आहे आणि आपण मनात म्हणतो, अरे बाबा, तुला कुणीतरी फसवलंय.

म्हणजे कृष्णच झाला. सगळं माहीत असलेला एक माणूस, त्याच्या शेजारी आपण, आणि समोर प्रामाणिकपणे गंडलेली माणसं. फक्त 'सौभद्रा'त शेवटची एक गोष्ट आपल्यापासून लपवलेली नाही, 'दृश्यम'मध्ये लपवली आहे. ती सांगत नाही, न बघितलेलं कुणी अजून उरलं असेल तर.

गाव बदललं तरी सिनेमा का चालला, त्याचंही उत्तर यातच आहे. खार खाऊन असलेला सबइन्स्पेक्टर आणि नाक्यावरचं चहाचं दुकान केरळात मिळतं तसं गोव्यातही मिळतं. त्या सबइन्स्पेक्टरचा, गायतोंडेचा राग सिनेमा सुरुवातीलाच दाखवून ठेवतो. तेव्हा आपल्याला वाटतं, हे नुसतं गावाचं वातावरण.

पाठशाळा

दोन जुनी मतं नोंदवतो. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगं सांगितली आणि त्यांत कथानकाला पहिला मान दिला, त्याला शोकात्मिकेचा आत्मा म्हटलं. पात्रचित्रणाशिवाय शोकात्मिका होऊ शकेल, कृतीशिवाय नाही, इथपर्यंत तो गेला. भरताने नाट्यशास्त्रात इतिवृत्ताला, म्हणजे कथानकाला, नाट्याचं शरीर म्हटलं. त्या शरीराचे सांधेही मोजून दिले, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. शरीर म्हटल्यामुळे त्याला कमी लेखलं असं कुणी समजू नये. सांधे निखळलेल्या शरीरात रस उभा राहत नाही.

खरा फरक शेवटाबद्दल आहे. यंत्रातून देव खाली उतरवून गुंता सोडवणं ॲरिस्टॉटलला पटत नाही, गाठ कथानकातूनच सुटली पाहिजे. भरत मात्र निर्वहण संधीत, म्हणजे शेवटच्या सांध्यात, अद्भुत रस हवाच असं सांगतो. पेडण्याचो भाऊंच्या दशावतारात शेवटी देव प्रकट होतो तेव्हा एक परीक्षक मार्क कापेल आणि दुसरा वाढवेल. आपले आजचे परीक्षक बहुतेक पहिल्याच्या शाळेतले आहेत. तसं कुणी त्यांना सांगितलेलंही नसतं.

तिसरी घंटा यांच्या मुद्द्याला आणखी एक आधार देतो. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथं दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो भर सभेत तिला नाकारतो. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, ती कोळ्याला माशाच्या पोटात सापडली. घटनाक्रम म्हणाल तर तोच: भेट, विरह, नकार, मीलन. बदललं ते एवढंच, की नाकारताना राजाला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. तेवढ्याने एका लबाड राजाच्या जागी एक दयनीय माणूस उभा राहिला. शकुंतलेची सखी शाप ऐकते आणि तिला सांगत नाही, हेही विसरू नका. सांगितलं असतं तर पाचवा अंक लिहावाच लागला नसता.

मागची रांग

गुरुजी, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

"काहीच घडत नाही" म्हणून बदनाम झालेल्या सिनेमांबद्दल लिहितो. शांताल आकेरमान यांचा 'जान दीलमान' १९७५ चा. तीन तास एकवीस मिनिटं. एक विधवा बाई, तिचा मुलगा, ब्रसेल्समधलं एक घर, तीन दिवस. भांडी घासणं, बटाटे सोलणं, दिवे मालवणं, आणि दुपारी पैसे देऊन येणारा एक पुरुष, तेही त्या वेळापत्रकातलंच एक काम. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी तो सर्वकालीन यादीत पहिला ठेवला तेव्हा बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला.

बघायला बसलात तर पहिला दिवस जड जाईल. पण दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि बाई भांडं हातात घेऊन घरभर फिरते, ते टाकावं कुठे तिला कळत नाही. तिथं माझ्या पोटात गोळा आला. पहिला दिवस तसाच्या तसा दाखवला नसता तर या बटाट्यांना काही किंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी जे होतं ते सांगत नाही, पण घडतं, आणि चांगलंच घडतं. याला कथानक नाही म्हणणाऱ्याने पहिला दिवस झोपून काढला असणार.

आपल्याकडे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला लोकांनी हाच बोल लावला. खटला निकालापर्यंत जात नाही, कोर्टाला सुट्टी लागते आणि सिनेमा न्यायाधीशांच्या मागे सहलीला जातो. माझ्या शेजारचा म्हणाला, "शेवट करायला विसरले." मला वाटतं निकाल दाखवला असता तर तो सिनेमा एका आरोपीपुरता उरला असता.

गोष्ट सांगा

तीन तास एकवीस मिनिटांत आमच्या घरी चवथीचा सगळा फराळ होतो. बटाटे शिजलेले बघायला मी तिकीट काढणार नाही.

सासष्टीकार

तियात्राबद्दल, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकाबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. १८९२ पासून चालत आलेला खेळ आहे, मराठी नाटकवाल्यांनी शेजारी बसूनही तिकडे फारसं बघितलेलं नाही.

तियात्रात एक परदा, म्हणजे अंक, संपला की कांतारं, म्हणजे गाणी, होतात. पुष्कळदा गोष्टीशी त्यांचा काही संबंध नसतो. रंगमंचावर बापाने मुलाला घराबाहेर काढलेलं असतं, लोक डोळे पुसत असतात, आणि पडदा पडतो न पडतो तोच एक गायक पुढे येऊन सरकारची, जमिनीच्या व्यवहारांची, पक्ष बदलणाऱ्या आमदाराची सालं काढतो. लोक शिट्ट्या मारून ते परत गायला लावतात. मग पडदा उघडतो आणि तेच लोक पुन्हा त्या बापाच्या घरात जाऊन रडतात. गोष्ट तुटली अशी तक्रार कुणी करत नाही.

मग सांगा, याचं कथानक कसं जोखणार? कांतारं वगळून जोखलं तर तियात्राचा निम्मा जीव गेला. धरून जोखलं तर एकसंध कथानक या कल्पनेलाच रामराम. बरें, तुमच्या संगीत नाटकात तरी काय वेगळं आहे? 'सौभद्रा'त कृष्ण 'प्रिये पहा' म्हणतो तेव्हा कथानक कुठे पुढे सरकतं?

तिसरी घंटा

'प्रिये पहा'ला कथानक थांबतं, कबूल. पण तेव्हा गाणारा माणूस कोण? ज्याला सगळं ठाऊक आहे तोच निवांत पहाटेचं वर्णन करत बसलाय. बाकी सगळे घोरात. बलराम हे पद गाऊ शकला नसता.

मागची रांग

हे जरा ओढून आणलंत. तुम्ही प्रत्येक कुलपाला तीच चावी लावताय. 'एकच प्याला' घ्या. सुधाकर पितो हे बायकोला, सिंधूला माहीत, रामलालला माहीत, गावाला माहीत. कुणापासून काही लपलेलं नाही. तरी माणूस बघवत नाही असा कोसळत जातो आणि प्रेक्षक बघत राहतो. तिथं तुमचं कोण-काय-जाणतो हे माप कुठे बसतं?

तिसरी घंटा

सुधाकरला स्वतःलाच माहीत नाही ना, की एक प्याला एकच राहणार नाही.

मागची रांग

असं म्हटलं की कुठलंही नाटक कुठल्याही मापात बसतं. कोर्टात एकदा अपमान झाला, सनद गेली, आणि एवढ्यावर एक हुशार वकील संपला, हे कारण मला अजून अपुरं वाटतं. कथानकाला मार्क द्यायचे तर मी तिथे कापीन. आणि तरी सुधाकर जमला असेल तर प्रयोगाला पूर्ण मार्क देईन. दोन वेगळे रकाने आहेत ते.

स्पॉट नंबर तीन

मी लाइट करतो, त्यामुळे मला नाटकं तालमीतून, प्रयोगातून, परत परत बघावी लागतात. निवडीचा प्रश्नच नाही.

कथानकावर मार्क द्यायला लागल्यापासून एकांकिकांचं काय झालंय ते सांगतो. शेवटच्या दोन मिनिटांत धक्का हवाच. तो मुळात मेलेलाच होता. ती मुळात नव्हतीच, त्याच्या डोक्यात होती. डॉक्टरच पेशंट होता. मला फोन येतो, "शेवटी लाल हवा आणि कडक ब्लॅकआउट." दरवर्षी लाल फिल्टर आधी जळतो.

पहिल्या तालमीला मलाही धक्का बसतो. तिसऱ्या तालमीला मी त्या धक्क्याच्या आधीचं बघायला लागतो आणि तिथे काही नसतं. चाळीस मिनिटं नुसती शेवटाची वाट बघण्यात गेलेली असतात. पात्रं अशी बोलतात की आपल्याला संशय येऊ नये, म्हणजे कुठलाच खरा माणूस बोलणार नाही अशी.

'वाडा चिरेबंदी' १९८५ चं. आमच्यातले काही जण त्याला "घरगुती, संथ, गोष्ट नाही" म्हणतात. अहो, त्यात बाप गेलाय, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावरून भाऊ भांडतायत, घरातली पोरगी मास्तरबरोबर दागिने घेऊन पळते. अजून किती गोष्ट पाहिजे? पण एलकुंचवार पळून जाण्यावर लाल लाइट मागत नाहीत. दागिने गेल्यावर घरातलं एकेक माणूस काय बोलतं आणि काय बोलायचं टाळतं, त्यावर सगळा वेळ. ते नाटक दहाव्यांदा लाइट करायलाही मी तयार आहे.

मखर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आता एक अडचण टाकते, तुमची तत्त्वं जरा कामाला लागू देत.

अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंड्याकडचं आमचं गाव, उत्सवाचं नाटक दरवर्षी गावातलीच माणसं करतात. यंदा 'संशयकल्लोळ' ठरलंय. कमिटीने सांगितलंय, अडीच तासांत बसवा. पूर्वी पहाट झाली तरी चालायचं, आता दुसऱ्या दिवशी माणसांना कामावर जायचं असतं. मी रेवती करतेय, आणि संहिता कापायचं कामही माझ्याच गळ्यात आलंय. प्रवेश कापू की पदं?

पाठशाळा

मखरताई, प्रवेशांना हात लावू नका. देवलांनी हे आधी १८९३ मध्ये गद्यच लिहिलं होतं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने. मूळ कल्पना मोलिएरच्या प्रहसनाची. पदं घालून 'संशयकल्लोळ' झालं ते १९१६ साली. म्हणजे पदांशिवाय ते पायावर उभं राहतं, याचा पुरावा लेखकानेच ठेवलाय.

एक प्रवेश काढून बघा काय होतं. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका खिडकीतून बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला मिळते. ती न्याहाळताना तिला नवरा बघतो. तीच तसबीर पुढे फाल्गुनरावाकडे अश्विनशेठला दिसते. चार माणसं, प्रत्येकाने डोळ्यांनी खरंच पाहिलेलं, आणि प्रत्येकाचा अर्थ चुकलेला. यातलं एक पाहणं गळलं तर पुढच्याचं भांडण निराधार होतं.

तिसरी घंटा

गुरुजींना माझी सही.

स्पॉट नंबर तीन

तसबीर जरा मोठी घ्या ताई. मागच्या रांगेला ती कुणाच्या हातात आहे हे दिसलं नाही तर सगळं कथानक गेलं. गेल्या वर्षी एका गावात पाकिटात मावेल एवढा फोटो घेतला होता, लोक विचारत होते बिल कसलं म्हणून.

पेडण्याचो

पदं कापा म्हणणं सोपं. ऑर्गनवाल्याला आणि अश्विनशेठला कोण सांगणार? गावात भजन करणारी माणसं, वर्षभर या रात्रीची वाट बघतात. पदं तेवढीच ठेवा, आलाप कापा. आणि वन्समोर द्यायचा नाही हे आधीच ठरवा.

मखर

वन्समोरचं खरं. नुसते वन्समोर धरले तरी अर्धा तास निघेल. प्रवेश सगळे ठेवते, भादव्या नोकराचे दोन-चार विनोद आणि मधली लांबण काढते. अश्विनशेठ आमचे सख्खे काका आहेत, त्यांना आलापाचं सांगायला आईला पाठवते.

सासष्टीकार

काका ऐकले नाहीत तर त्यांचं पद पडद्यापुढे घ्या, मागे सेट बदलून होईल. आम्ही तेच करत आलोय.

गोष्ट सांगा

ताई, तारीख आणि गाव कळवा. पदं कापलीत तर मात्र मी येणार नाही.

मागची रांग

म्हणजे? दोन दिवस इथं कथानक कथानक करत होतात ते?

गोष्ट सांगा

'संशयकल्लोळ'ची गोष्ट मला पाठ आहे हो. ती बघायला कशाला येऊ?